मेमरी मिळाली नाही, तर प्रोग्रामने काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलै आला की वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सात रस्त्यावरच्या सायबर कॅफेत रांग, आणि स्क्रीनवर नुसते पांढरे पान. बातमीत त्याला 'सर्व्हर डाऊन' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. उसाच्या हंगामात हीच तक्रार वजनकाट्यावर ऐकू येते, आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइनच्या कॉम्प्युटरवर वर्षभर. कारणे अनेक असतात, ती सगळी एका माळेत ओवता येणार नाहीत. पण त्यातले एक वारंवार घडते, पुरावा मागे ठेवून घडते, आणि तरीही प्रोग्राम लिहिणारे त्याकडे काणाडोळा करतात. प्रोग्राम मेमरी मागतो, सिस्टीम 'नाही' म्हणते, आणि ते 'नाही' प्रोग्राम ऐकतच नाही. हे पत्र त्याबद्दल आहे. थोडे लांबेल, कारण यातली गंमत सगळी तपशिलात आहे.

सोलापूरकराला माग समजावून सांगायची गरज नाही. ताण्याची तार तुटली की तिच्यावर लटकलेली पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. पत्तीची जोडणी सुटलेली असेल तर माग तसाच चालत राहतो, कापड निघत राहते, आणि दोष दिसतो तो थेट घडी घालताना. सी भाषेत मेमरी मागायचे फंक्शन म्हणजे मॅलॉक. जागा मिळाली तर ते तिचा पत्ता देते, नाही मिळाली तर नल, म्हणजे शून्य पत्ता, देते. म्हणजे पत्ती पाडण्याचे काम मॅलॉक इमानदारीने करते. माग थांबवायची जोडणी मात्र प्रोग्रामरने करायची असते, आणि ती बहुतेक ठिकाणी सुटलेली असते.

नल न तपासता त्यावर लिहायला गेले तर प्रोग्राम बहुधा जागच्या जागी बंद पडतो. हे त्यातल्या त्यात बरे. वाईट प्रकार वेगळा. मोठा ॲरे मागितला, नल मिळाला, आणि प्रोग्रामने पहिल्याच फटक्यात पन्नास हजाराव्या खणात काही लिहिले, तर तो पत्ता शून्याजवळचा राहत नाही. तिथे दुसऱ्याच कशाचा तरी डेटा असू शकतो. मग प्रोग्राम पडत नाही, चुकीचे आकडे छापत राहतो.

नल तपासणारेही एका ठिकाणी हटकून फसतात. ते ठिकाण म्हणजे रिॲलॉक. असलेला ब्लॉक, म्हणजे मिळालेला मेमरीचा तुकडा, वाढवून मागताना पुष्कळ जण उत्तर त्याच पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये) घेतात. रिॲलॉकला जागा मिळाली नाही तर ते नल देते, पण जुना ब्लॉक तसाच शाबूत ठेवते. आपण मात्र त्याच्या पत्त्यावर नल लिहून मोकळे झालेलो असतो. आता तो डेटा मेमरीत आहे, पण त्याच्याकडे जायचा रस्ता राहिला नाही, आणि तो फ्रीही करता येत नाही, म्हणजे सिस्टीमला परत देता येत नाही. उपाय एका ओळीचा आहे: उत्तर वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, ते नल नाही हे बघा, मगच जुन्यावर टाका. परीक्षेच्या कित्येक उत्तरपत्रिकांत आणि विकत मिळणाऱ्या कित्येक गाईडांत मात्र चुकीचीच ओळ छापलेली असते.

आता डिझाइनच्या प्रोग्रामचे एक उदाहरण जवळून पाहू. टॉवेलचे डिझाइन २,४०० × ३,६०० ठिपक्यांचे आहे, दर ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार ३,४५,६०,००० बाइट, म्हणजे साधारण ३३ एमबी. हा आकडा आजच्या कॉम्प्युटरला किरकोळ. पण 'अनडू'साठी प्रोग्राम मागच्या वीस पायऱ्यांच्या पूर्ण प्रती ठेवत असेल, तर एका डिझाइनला २१ प्रती, जवळजवळ ६९० एमबी. डिझायनरने अशी तीन डिझाइने एकदम उघडली की दोन जीबी पार झाले. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर विंडोजमध्ये त्याला नेहमीच्या रचनेत दोनच जीबी पत्ते मिळतात. अशा वेळी हार्डवेअरवाला 'रॅम वाढवा' म्हणतो. १६ जीबी टाकली तरी त्या प्रोग्रामला तिचा काही उपयोग नाही, कारण जागा कमी नाही, पत्ते कमी आहेत. नवी रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामच्या नावापुढे '३२ बिट' लिहिले आहे का, एवढे पाहावे.

आणि ही मेमरी नेमकी संपते कधी, तर सेव्ह करताना. हे दुर्दैव नाही, प्रोग्रामरने लावलेल्या क्रमाची ती चूक आहे. बहुतेक जण असा क्रम लावतात: फाइल लिहिण्यासाठी उघडायची, मग डेटा बांधायला बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, मागायचा, मग लिहायचे. पण फाइल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी तिची लांबी शून्य होते. पुढच्या ओळीला बफर नाकारला गेला, तर मेमरीतले डिझाइन प्रोग्रामबरोबर जाते आणि डिस्कवरचे जुने तर आधीच पुसलेले असते. दिवसभराचे काम गेलेच, कालचेही गेले. म्हणून आधी बफर मागायचा. तो मिळाल्यावर त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने फाइल उघडायची, पूर्ण लिहायची, डिस्कवर गेल्याची खात्री करायची, आणि शेवटी तिचे नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी बसवायची. मधे कुठेही अडले तरी कालची फाइल सहीसलामत राहते. बफर ३३ एमबीचा हवा असाही काही नियम नाही. ६४ केबीचा एक बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवला आणि तुकड्यातुकड्याने लिहिले, तर सेव्ह करताना नवी मेमरी मागावीच लागत नाही. सेव्ह हे काम असे असावे की घर जळत असतानाही ते करता यावे.

याच प्रोग्रामात आणखी एक भोक असते. फाइल उघडताना तिच्या डोक्यावरचे रुंदी-उंचीचे आकडे वाचून त्यांचा गुणाकार केला जातो आणि तेवढी मेमरी मागितली जाते. पेनड्राइव्ह मधेच काढल्याने फाइल बिघडली आणि आकडे १,००,००० आणि ५०,००० असे आले, तर गुणाकार ५,००,००,००,००० होतो. ३२ बिटांत तो मावत नाही. वरचे बिट गळून उरतात ७०,५०,३२,७०४. मॅलॉक बिचारे तेवढीच मेमरी देते, नल येत नाही, तपासणी पास होते, आणि प्रोग्राम पाचशे कोटींच्या हिशेबाने लिहीत सुटतो. टर्बो सी शिकलेल्या पिढीला हे १६ बिटांत भेटलेले आहे: ३०० गुणिले ३०० बरोबर २४,४६४. म्हणून गुणाकार करण्याआधी भागाकार करून पाहायचा. कमाल मर्यादेला रुंदीने भागा, उंची त्याहून मोठी असेल तर फाइल नाकारा. मॅलॉकचे भावंड कॅलॉक वापरले तर आजच्या लायब्रऱ्या हा गुणाकार स्वतः तपासतात. पण त्यासाठी दोन्ही आकडे कॅलॉकला वेगवेगळे द्यायला हवेत. आधीच गुणून एक आकडा दिला तर तपासायला उरतेच काय? उलटाही प्रकार आहे. लांबी काढताना उत्तर उणे आले, तर मॅलॉकला ते अवाढव्य धन आकड्यासारखे दिसते आणि ते नल देते. स्क्रीनवर 'मेमरी संपली' असा मेसेज येतो, मेमरी तर भरपूर शिल्लक असते. म्हणून नकाराची नोंद करताना किती बाइट मागितले होते तो आकडा लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, लिहिलाच पाहिजे. त्या एका आकड्यावरून निम्मे निदान होते.

वजनकाट्याचे दुखणे निराळे. तो प्रोग्राम हंगामात रात्रंदिवस चालू. समजा दर पावतीला गाडीचा फोटो घेतला जातो: ६४० × ४८० ठिपके, ३ बाइट, म्हणजे ९,२१,६०० बाइट. पावती छापली, पण फोटोचा ब्लॉक फ्री करायचा राहिला. दोन जीबी संपायला साधारण २,३०० पावत्या पुरतात. दिवसाला सातशे गाड्या धरल्या तर चौथ्या दिवशी मेमरी नाकारली जाते. ती नाकारली जाते भलत्याच ठिकाणी. पावतीवरचे नाव जोडताना चाळीस बाइट मागितले आणि तिथे प्रोग्राम पडला, असे होते. मग प्रोग्रामर ते नाव जोडण्याचे फंक्शन उलटेपालटे करत बसतो. जिथे मेमरी नाकारली गेली तिथेच ती खाल्ली गेली असे मुळीच नसते. शेवटच्या पंगतीला भात पुरला नाही याचा जाब शेवटच्या पंगतीतल्या माणसाला विचारण्यासारखे आहे ते. अशा वेळी दर तासाला प्रोग्रामने धरलेल्या मेमरीचा आकडा लॉगमध्ये टाकावा. तो आकडा पावत्यांच्या संख्येबरोबर सरळ रेषेत चढत असेल तर गळती आहे. चढीला पावत्यांनी भागले की दर पावतीला गळणारा तुकडा किती बाइटचा ते कळते. ९,२१,६०० आले की चोर सापडला. दर रात्री प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करणे हा तात्पुरता उतारा आहे. तो करायला लाज नाही, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

नकार मिळाल्यावर करायचे काय? 'मेसेज दाखवा आणि बाहेर पडा' हे पुस्तकी उत्तर छोट्या प्रोग्रामसाठी बरोबरच आहे. एखादी फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणारे साधन असेल तर त्याने चूक सांगून, शून्य नसलेला कोड देऊन संपावे. त्याहून शहाणपणा करायला जाऊ नये. पण हा निर्णय खालच्या फंक्शनने घेऊ नये. इमेज उघडणाऱ्या लायब्ररीने आतल्या आत एक्झिट मारली, तर वरच्या प्रोग्रामला वापरणाऱ्याचे काम वाचवायची संधीच राहत नाही. खालच्याने फक्त 'मिळाली नाही' एवढे वर कळवावे, ठरवावे ज्याच्याकडे कामाची जबाबदारी आहे त्याने. एका फंक्शनमध्ये चार ब्लॉक लागत असतील तर चारही पॉइंटर आधी नल करून ठेवावेत. मधेच अडले की शेवटी एकाच जागी उडी मारून चारही फ्री करावेत. नल फ्री केला तर काही बिघडत नाही, ही सोय भाषेनेच दिली आहे. आणि जे काही मागायचे ते सगळे आधी मागून घ्यावे, मगच चालू हिशेबाला हात लावावा. खात्यातून पैसे वजा केले आणि दुसऱ्या खात्यात जमा करायला मेमरी नाही, अशी स्थिती येता कामा नये.

वरच्याने ठरवताना मागणीचा आकार बघावा. ४० एमबी नाकारले तर अजून जीव आहे. 'हे डिझाइन फार मोठे आहे, बाकीची बंद करा' असे सांगून प्रोग्राम खुशाल पुढे चालू शकतो, फार तर अनडूच्या जुन्या प्रती सोडून एकदा पुन्हा मागून पाहावे. एकदाच. 'मिळेपर्यंत मागत राहा' असा लूप घालणारे महाभाग आहेत, त्यांचा प्रोग्राम पडत नाही, नुसता हँग होतो. ४० बाइट नाकारले तर मात्र खेळ संपला. तेव्हा काम सेव्ह करून बाहेर पडण्यापलीकडे काही करू नये, कारण मेसेजची खिडकी उघडायलाही मेमरी लागते. त्या क्षणासाठी सुरुवातीलाच ६४ केबीचा एक राखीव ब्लॉक घेऊन, त्यात खरोखर शून्ये भरून ठेवावा. शेवटच्या क्षणी तो फ्री करायचा आणि त्या जागेत लॉग लिहायचा, सेव्ह करायचे. मेसेजचे वाक्यही आधीच तयार हवे, तेव्हा जोडत बसू नये.

'खरोखर शून्ये भरून' असे मुद्दाम लिहिले, कारण लिनक्स. लिनक्समध्ये मॅलॉकला क्वचितच नकार मिळतो. एक जीबी मागा, लगेच पत्ता मिळतो, पण त्यामागे खरी रॅम नसते. ४,०९६ बाइटच्या एकेका पानाला प्रोग्राम पहिल्यांदा हात लावतो तेव्हा ते पान जोडले जाते. यजमानाने पाचशे पाने मांडली, पण सगळे एकदम बसणार नाहीत या भरवशावर भात तीनशेंचाच रांधला, तसा हा कारभार. सगळे एकदम बसले तर लिनक्स नल देऊ शकत नाही, कारण पत्ता तर आधीच देऊन झालेला असतो. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) उचलून मारते. याला ओओएम किलर म्हणतात. मारण्याचा सिग्नल ९ नंबरचा, तो प्रोग्रामला अडवताही येत नाही, त्यामुळे तुमची नल तपासणी, राखीव ब्लॉक, सगळे बाजूला राहते. निवड मुख्यतः जो जास्त मेमरी धरून आहे त्याची होते, आणि सर्व्हरवर तो बहुधा डेटाबेस असतो. उधळपट्टी केली वेबच्या प्रोग्रामने, बळी गेला डेटाबेस.

हे ओळखायला अवघड नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ मारलेल्या प्रोसेसच्या नावासकट असते. कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र बंदिस्त कप्प्यात, चालणारा प्रोग्राम १३७ कोड देऊन संपतो, म्हणजे १२८ अधिक ९. नुसत्या १३७ वरून मात्र खात्री धरू नये, ९ नंबरचा सिग्नल माणूसही देऊ शकतो. लॉगची ओळ पाहावी. उपाय म्हणून प्रत्येक सेवेला सिस्टीमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मेमरीमॅक्सची वेगळी मर्यादा घालावी, म्हणजे उधळ्यालाच शिक्षा होते. डेटाबेसचा ओओएम स्कोर खाली ओढावा. हा आकडा उणे १,००० ते १,००० असा असतो, उणे १,००० ला ती प्रोसेस किलर निवडत नाही. तिसरा मार्ग म्हणजे व्हीएम डॉट ओव्हरकमिट मेमरी ही सेटिंग २ करणे. मग जेवढी पाने तेवढाच भात, आणि मॅलॉक पुन्हा खरे नल देऊ लागते. पण आंधळेपणाने २ करू नये. तेव्हा मर्यादा म्हणजे स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा, आणि तो हिस्सा मुळात ५० टक्के असतो. ४ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅपच्या मशीनला मर्यादा येते ४ जीबीची. स्वॅपच नसेल तर दोनच. पोस्टग्रेस या डेटाबेसवाले २ सुचवतात, रेडिस या दुसऱ्या डेटाबेसवाले उलट १ (कधीच नाकारू नका) ठेवा म्हणतात, कारण रेडिस सेव्ह करताना फोर्क करते, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढते, आणि २ वर तो फोर्कच नाकारला जाऊ शकतो. एकाच मशीनवर दोन्ही ठेवणाऱ्याने हिशेब करूनच हात घालावा.

आता त्या पांढऱ्या पानाकडे. अर्जाची बरीच संकेतस्थळे पीएचपी भाषेत लिहिलेली असतात. पीएचपीत एका विनंतीला मूळ मर्यादा १२८ एमबीची. ती ओलांडली की लॉगमध्ये १३,४२,१७,७२८ हा आकडा असलेली ओळ येते. १२८ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४, तोच हा. ही चूक ट्राय-कॅचमध्ये (चुका पकडायच्या रचनेत) सापडत नाही, स्क्रिप्ट तिथेच संपते. आणि चुका स्क्रीनवर न दाखवण्याची सेटिंग असते, तीही योग्यच, त्यामुळे विद्यार्थ्याला नुसते पांढरे पान दिसते. शटडाऊनच्या वेळी चालणारे एक फंक्शन आधी नोंदवून ठेवले तर 'तुमचा अर्ज जमा झालेला नाही, दहा मिनिटांनी प्रयत्न करा' एवढे तरी दाखवता येते. रांगेत उभ्या पोराला एवढे एक वाक्य पुरेसे असते. जमा झाला की नाही हे न कळल्यामुळेच तो पाच वेळा पुन्हा बटण दाबतो आणि भार पाचपट करतो.

यावर लोक काय करतात, तर मर्यादा ५१२ करतात, किंवा काढूनच टाकतात. इथे साधा हिशेब आहे. मशीन ८ जीबीचे, त्यातले ३ जीबी डेटाबेस आणि सिस्टीमला ठेवले, उरले ५,१२० एमबी. १२८ च्या मर्यादेने ४० वर्कर, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस, बसतात. ५१२ केली आणि वर्कर ४० च ठेवले, तर वाईट दिवशी मागणी २० जीबीची होते आणि पुन्हा ओओएम किलर. ५१२ हवीच असेल तर वर्कर १० करा. त्यापेक्षा मुळात इतकी मेमरी का लागते ते पाहावे. नव्वद टक्के वेळा, हा आपला अंदाज, संपूर्ण तक्ता एकदम ॲरेमध्ये ओढलेला असतो. एकेक ओळ आणून, वापरून, सोडून दिली तर काही एमबीत काम होते. वर्कर भरल्यावर येणाऱ्या विनंत्यांना ५०३ हा 'सध्या जमत नाही' असा कोड देऊन किती वेळाने यायचे ते हेडरमध्ये सांगावे. एसटी भरली की कंडक्टर घंटी मारतो आणि गाडी पुढे जाते. त्याने पाचशे माणसे कोंबून टायर फोडला असता तर त्याला कुणी मनाने उदार म्हटले नसते.

इतर भाषांबद्दल थोडक्यात. सी++ मध्ये साधे न्यू नल देतच नाही, ते बॅड ॲलॉक हा एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकते. म्हणून न्यूच्या खाली नल तपासणारी ओळ ही शोभेची. जावामध्ये आउट ऑफ मेमरी एरर हा एक्सेप्शनच्या कुळातला नाही, एररच्या कुळातला आहे. 'कॅच एक्सेप्शन' लिहून निर्धास्त झालेल्यांचा एखादा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे एक काम) गुपचूप मरतो आणि सर्व्हर अर्धमेला चालू राहतो. तिथे हीपची (प्रोग्रामने धरलेल्या मेमरीची) प्रत डिस्कवर टाकून सरळ बंद पडायला सांगणारे पर्याय व्हर्च्युअल मशीनमध्ये आहेत, ते चालू करावेत आणि पुन्हा उठवायचे काम सिस्टीमवर सोपवावे. अर्धमेल्यापेक्षा मेलेला बरा. पायथनमध्ये मेमरी एरर पकडता येतो, गो मध्ये सावरता येत नाही, रस्टमध्ये सर्वसाधारणपणे प्रोग्राम तिथेच थांबतो, मात्र व्हेक्टर वाढवण्याआधी 'मिळेल का' असे विचारायची सोय १.५७ आवृत्तीपासून आहे.

रंगाई खात्यातल्या तापमान-नियंत्रकासारख्या छोट्या यंत्रांत तर सगळी मेमरी दोन केबीची असू शकते. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या बोर्डाची एसरॅम तेवढीच आहे. तिथे एकूण ६०० बाइट मोकळे असूनही १०० बाइटचा सलग तुकडा मिळत नाही, असे सर्रास होते, कारण मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. आर्डुइनोच्या स्ट्रिंगला काही जोडताना मेमरी नाकारली गेली तर ती ओरडत नाही. जोडायचा भाग गुपचूप गळतो आणि डिस्प्लेवर अर्धाच मजकूर येतो. अशा यंत्रात जे मागायचे ते चालू होतानाच मागावे, पुढे नाही. विमान-अवकाश क्षेत्रातल्या लोकांनी हा नियमच केला आहे. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली मांडलेल्या दहा नियमांत तो आहे. फ्रीआरटीओएस ही छोट्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम वापरत असाल तर मेमरी नाकारल्यावर चालणारे फंक्शन (हुक) चालू करून त्यात सगळे हीटर आणि झडपा सुरक्षित स्थितीत न्याव्यात. तिथे मेसेज वाचायला कोणी बसलेले नसते.

हे सगळे लिहून ठेवले तरी तपासल्याशिवाय ते चालते असे समजू नये. नकाराचा रस्ता हा प्रोग्राममधला सर्वात कमी चाललेला रस्ता असतो, म्हणून त्यातच खड्डे जास्त. तपासायची रीत सोपी आहे. मॅलॉक, कॅलॉक, रिॲलॉक थेट न बोलावता स्वतःच्या एका फंक्शनमधून बोलवा आणि त्यात एक काउंटर ठेवा. पहिल्या फेरीत पहिली मागणी मुद्दाम नाकारा, दुसऱ्या फेरीत दुसरी, तिसऱ्या फेरीत तिसरी, असे प्रोग्राम एकही नकार न मिळता पूर्ण होईपर्यंत. प्रोग्राम १४३ वेळा मेमरी मागत असेल तर १४४ फेऱ्या. दर फेरीनंतर तीन गोष्टी पाहा: प्रोग्राम पडला नाही ना, व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनात गळती दिसत नाही ना, आणि डिस्कवरची फाइल जुनी किंवा नवी, पण पूर्ण आहे ना. स्क्रिप्ट लिहिली की हे काम रात्रीत आपोआप होते. एसक्यूलाइट हा डेटाबेस अशाच पद्धतीने तपासला जातो आणि तो आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

एवढे जमत नसेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये युलिमिट उणे व्ही आणि पुढे २,००,००० एवढे (ulimit -v 200000) टाइप करून त्याच टर्मिनलमधून प्रोग्राम चालवावा. आकडा केबीत असतो, म्हणजे सुमारे २०० एमबीच्या वर पत्ते मिळणार नाहीत आणि मॅलॉक खरोखर नल देईल. मर्यादा त्या टर्मिनलपुरतीच असते, बाकी मशीनला धक्का लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि बीसीएच्या वर्गांत लिंक्ड लिस्टचे प्रॅक्टिकल दरवर्षी होते. जर्नलमध्ये 'मेमरी नॉट अव्हेलेबल' ही ओळ प्रत्येकाची असते, आणि ती कधी चाललेली कुणी पाहिलेली नसते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सिद्धांत विचारण्याऐवजी वरची युलिमिटची ओळ टाइप करून, नोड जोडण्याच्या ओळीभोवती न संपणारा लूप घालून, विद्यार्थ्याचाच प्रोग्राम त्याच्यासमोर चालवावा. पाच मिनिटे लागतात. आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती: पुढच्या वेळी 'सर्व्हर डाऊन' असे उत्तर मिळाले, तर लॉगमधली शेवटची ओळ कोणती होती आणि वर्करची संख्या किती होती, एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

आपला नम्र,
एक प्रोग्रामर वाचक
होटगी रोड, सोलापूर

ता. क. – 'कॉम्प्युटर फास्ट होतो' म्हणून विंडोजची पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद करायची टूम आहे. विंडोज लिनक्ससारखी उधारी करत नाही. सगळ्या प्रोग्रामना मिळून रॅम अधिक पेजफाइल एवढेच ती कबूल करते. पेजफाइल शून्य केली की रॅम मोकळी दिसत असतानाही मेमरी नाकारली जाऊ शकते, कारण कबूल केलेली पण अजून न वापरलेली मेमरीही त्या हिशेबात धरली जाते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'कमिटेड'खाली तिरप्या रेघेने वेगळे केलेले दोन आकडे असतात. पहिला दुसऱ्याला भिडत आला असेल तर पेजफाइल पुन्हा चालू करून ती सिस्टीमलाच सांभाळू द्यावी.